ड्रमामागचा राऊटर

तीस वर्षं मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. खांबांवर चढून पाचोडपर्यंत तारा ओढल्या. खेड्यात पहिला फोन वाजला की लोक पाहुणा आल्यासारखे जमायचे, आणि माझ्या आईनं, मुक्ताबाईनं, तर रिसीव्हर उलटा धरला होता. काय दिवस होते ते! त्यामुळे दोन राऊटर तारेवाचून एकमेकांना जोडायचे, हे मला पटेना. पण पुंडलिकनगरच्या आमच्या लांबट घरात मागच्या खोलीपर्यंत नेट पोचत नव्हतं, मोबाईलची रेंजही नव्हती. खुबा मोडल्यापासून आई तिथंच पलंगावर. आणि शनिवारी तिची नात, माझी अमृता, जर्मनीत पीएचडीची पदवी घेणार होती. आईला ते बघायचंच होतं.

अमृतानं फोनवर सांगितलं तसा मी पुढच्या राऊटरला मागचा जोडला. शुक्रवारी आईच्या फोनवर चित्र लख्ख. मी मिशीवर ताव दिला.

शनिवारी, सोहळ्याला अर्धा तास असताना, चित्र गायब. राऊटर तीनदा बंद-चालू केला, नव्या जमान्याला शिव्या घातल्या. मग मधल्या बोळीत लक्ष गेलं. सकाळी नळ आला होता, आठ दिवसांनी. बायकोनं, सुलेखानं, तिथले, मागच्या राऊटरपुढचे चारही ड्रम काठोकाठ भरले होते. काल ते रिकामे होते. एवढ्या पाण्यातून सिग्नल जाणार कसा? ड्रम हलेनात, आणि राऊटर हलवायला दुसरं सॉकेट नव्हतं. मी बादली बुडवून मोरीकडं निघालो.

"राजू, पाणी सांडू नको," आई म्हणाली. "नाय बघितलं तरी चालंल."

मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. सुलेखा शहाणी. तिनं समोरच्या आशाबाईंना हाक मारली. त्यांच्या ओळीला नळ आलाच नव्हता. बघता बघता गल्लीतल्या बायका हंडे-कळशा घेऊन आल्या. ड्रम उतरत गेले, आणि अमृता स्टेजवर चढताना आईला दिसली. आईनं डोळे भरून पाहिलं.

तेवढ्यात दारात आणखी एक बाई कळशी घेऊन थबकली. मी म्हणालो, आता आमच्यापुरतंच राहिलंय.

आईनं फोनवरची नजर काढली नाही. "दे तिला. आपल्याला विहिरीला हात लावू देत नव्हते. कुणी वरून ओतंल म्हणून मी घागर घेऊन बसायची, दिवस मावळायचा. माझ्या दारातून कुणी रिकामं जायचं नाय."

मी तिची कळशी गळ्यापर्यंत भरली.