गादीवाल्या साहेबांचा डावा बूट

मी डावा बूट बोलतोय. उजवा भाऊ सध्या वॉशिंग्टनला काचेच्या कपाटात असतो. त्याची हकिकत तो सांगेल, सवड मिळाली तर.

आमचा जन्म शेतात राबण्यासाठी झाला. मालक मात्र मिळाले ड्वेन हॅलोरन, आयोवातले गाद्यांचे बडे कारखानदार. तीस वर्षं लोकांना झोपवल्यावर त्यांना सेनेटर होऊन लोकांना जागं करावंसं वाटलं.

प्रचाराचं सगळं मार्सी बघायची. शेतकऱ्यांची मतं हवीत तर बूट वापरलेले दिसले पाहिजेत, म्हणून तिने आम्हांला पॉलिशपेपरने घासलं, दोनदा गाडीखाली घातलं आणि ब्रशने चिखल फासला. शेत आम्ही अजून पाहिलंही नव्हतं.

सप्टेंबरात एका मंगळवारी, सकाळी सव्वादहाला, आम्ही अर्लीन श्रोडरबाईंच्या गोठ्यावर पोचलो. बाई सत्तरीच्या. त्या ज्याला मत देतील त्याला सारी पंचक्रोशी देणार, त्यामुळे साहेबांचा जीव टांगणीला.

"पहाटेपासून शेतातच होतो, ताई," साहेब म्हणाले.

बाईंनी वाकून मला न्याहाळलं. "आमची माती काळीभोर. हिच्यात हे पांढरे दाणे कसले? अरे, ही तर कुंडीतली, विकतची! शेत कुठे आहे बाबा तुझं, खिडकीत?"

मार्सीला एकदम खोकला आला.

"गोठ्यामागून एक फेरी मारून ये. मग मताचं बोलू."

साहेब ऐटीत निघाले. आठव्या पावलाला मी शेणात पार रुतलो. त्यांनी जोर लावला. पाय वर आला, मी नाही. जन्मात पहिल्यांदाच मला कुणी इतकं घट्ट धरलं होतं!

साहेब मोज्यावर लंगडी घालत ओरडले, "ताई, हे तरी खरं आहे ना?"

बाई कुंपणाला धरून हसत होत्या.

मार्सीने तेवढ्यात टिपलेला तो मोज्यातला फोटो घरोघरी पोचला आणि नोव्हेंबरात साहेब निवडून आले. शेजारीण बाईंना म्हणाली, "शेवटी त्या गादीवाल्यालाच मत दिलंस ना गं?"

"छे! मी मोज्याला दिलं."

मला न्यायला कुणी आलं नाही. बाईंनी मला धुऊन पायरीवर ठेवलं. आता जून आहे आणि माझ्यात जांभळी पिटुनिया फुललीय. माती विकतचीच आहे, पांढऱ्या दाण्यांची. फुलांना तीच मानवते म्हणे.

साहेब, उजव्याला माझी खुशाली कळवा. त्याचा तो खोटा चिखल पुसू नका, बिचारा खऱ्यात कधी रुतलाच नाही. आणि पुढच्या निवडणुकीला इकडे आलात तर थोडं पाणी घाला, पण पाय घालू नका. जागा भरलेली आहे.