अभिप्रायार्थ

मी एक कादंबरी बोलतेय. मोठ्यांची नाही हो, किशोरांसाठीची. म्हणजे जी मोठी माणसं लिहितात, मोठी माणसं छापतात, मोठी माणसं विकत घेतात आणि वाढदिवसाला एखाद्या बिचाऱ्या मुलाच्या हातात ठेवून म्हणतात, "वाच हं नक्की!" ती.

माझ्या मुखपृष्ठावर एक पाठमोरी मुलगी आहे. तिच्यासमोर उगवता सूर्य आणि वर चारदोन पक्षी. बांधणी झाल्यावर छापखान्यात माझ्या शेजारी दुसऱ्या एका किशोर कादंबरीचे गठ्ठे रचलेले होते. तिच्यावर पाठमोरा मुलगा होता. सूर्य मात्र तोच! आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि काही न बोललेलंच बरं, असं ठरवलं.

मला लिहिलं दातांच्या एका डॉक्टरांनी. एक पेशंट उठून जायचा आणि दुसरा खुर्चीत बसायचा, तेवढ्या वेळात ते लिहीत. तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढून, स्वतःशीच हसत. ही त्यांची पहिलीच कादंबरी, त्यामुळे जीव भारी. माझी नायिका आठवीतली, तिला एक लहान भाऊ. तिचे आई-बाबा वेगळे राहायला लागतात. शेवटच्या प्रकरणात ती दोघांनाही तळ्याकाठी सहलीला बोलावते, एका झाडाखाली उभी राहून भलं मोठं भाषण करते. आई-बाबांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि सगळे एकाच गाडीतून घरी जातात. शेवटचं वाक्य लिहून झालं तेव्हा डॉक्टरांचेही डोळे भरून आले होते. खुर्चीतल्या पेशंटला वाटलं, आपल्या दाढेचं काही खरं नाही.

माझ्या पहिल्या पानावर 'अभिप्रायार्थ' असा जांभळा शिक्का बसला. म्हणजे ही प्रत विकायची नाही. वाचून चार शब्द लिहिण्यासाठी पाठवायची. आणि माझी रवानगी झाली मावशीकडे.

मावशी म्हणजे जगाची मावशी नव्हे, तिच्या एकुलत्या एका भाचीची. पण त्या भाचीमुळेच तिची माझी खरी ओळख झाली, म्हणून मीही तिला मावशीच म्हणते. ती कॉलेजात शिकवायची आणि एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकांची परीक्षणं लिहायची. तिच्या जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या. एकीवर ती बसायची, उरलेल्या तिन्हींवर आम्ही पुस्तकं. पाहुणा आला की आमची उचलबांगडी पलंगावर, आणि पाहुणा गेला की परत खुर्चीवर.

मोठ्यांची पुस्तकं मावशी अगदी मन लावून वाचायची. आम्हा किशोरांच्या पुस्तकांची पाळी आली की मात्र तिची रीत वेगळी. आधी मागचं कव्हर, मग पहिली दोन प्रकरणं, मधलं एखादं पान आणि शेवटचा परिच्छेद. चहा गार व्हायच्या आत काम फत्ते. "मुलांचंच तर आहे," असं ती पुटपुटायची. माझं परीक्षणही तिनं असंच एका बैठकीत उरकलं. 'आजच्या किशोरवयीन मनाचा अचूक ठाव घेणारी, आशादायी शेवटाची, प्रत्येक घरात असायलाच हवी अशी कादंबरी.' तिनं ते पुरवणीच्या संपादकबाईंना पाठवलं आणि मला पुन्हा खुर्चीवर टाकलं.

मी इतकी फुगले, इतकी फुगले, की खालच्या कवितासंग्रहाचा जीव गुदमरला. अचूक ठाव! सगळ्यांना ऐकवत बसले.

त्याच आठवड्यात भाची राहायला आली. पाठीवर सॅक, हातात एक बॅग, कानात हेडफोन. तिच्या आई-बाबांचं ठरलं होतं. आता ते वेगवेगळ्या घरी राहणार होते. सामानाची वाटणी, नव्या जागा, हे सगळं होईपर्यंत तिनं मावशीकडे राहायचं, असं मोठ्यांनी परस्पर ठरवलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनंही मग कुणाशी बोलायचं नाही, असं ठरवलेलं दिसत होतं.

मावशीनं सगळे उपाय करून पाहिले. "काय खाणार?" "काहीही." "शाळेत काय झालं?" "काही नाही." "बाहेर जाऊ या का?" "कशाला?" बिचारी मावशी. भर वर्गात दीड तास सलग बोलणारी बाई, पण घरात दोन शब्दांच्या पुढे गाडी सरकेना.

शेवटी तिनं खुर्चीवरून मला उचललं आणि भाचीपुढे ठेवलं. "ही वाच. तुझ्यासारख्याच मुलीची गोष्ट आहे. बरं वाटेल तुला."

भाचीनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्यावरचा सूर्य मावळला.

पण एका दुपारी तिच्या फोनचं चार्जिंग संपलं आणि चार्जर काही सापडेना. चिडून तिनं मला ओढलं, पालथी पडली आणि वाचायला लागली. हातात पेन्सिल होती. आधी ती नुसती चावत होती. पाचव्या पानावर ती पेन्सिल माझ्या समासात उतरली.

'असं कोण बोलतं?'

मला वाटलं, चुकून झालं असेल. पुढच्या पानावर: 'आठवीतली मुलगी "अंतर्मुख" म्हणते??' त्याच्या पुढे: 'हिला एकही मैत्रीण नाही का? ही सारखी खिडकीतच का उभी असते? पाय दुखत नाहीत?' गुदगुल्या होताहेत की टोचतंय, तेच मला समजेना. नायिकेची आजी दर दोन पानांनी तिच्या केसांवरून हात फिरवायची. तिथे भाचीनं लिहिलं, 'टक्कल पडेल!' आणि ती खुदकन हसली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. स्वयंपाकघरात मावशीच्या हातातला चमचा तिथल्या तिथे थांबलेला मी ऐकला.

खरं सांगते, मला राग आला होता. पण एक गोष्ट मान्य करायलाच हवी. तोवर मला कुणी पान न् पान वाचलंच नव्हतं. ही पोरगी वाचत होती. शब्द न् शब्द. न आवडलेलं वाक्य दोनदा वाचत होती, नक्की का आवडलं नाही ते कळावं म्हणून.

मग शेवटचं प्रकरण आलं. तळं, झाड, भाषण, एकच गाडी. तिनं समासात काहीच लिहिलं नाही. उठून बसली, मला मिटलं आणि समोरच्या कपाटावर भिरकावलं.

माझा कोपरा दुमडला तो कायमचा. आवाज ऐकून मावशी धावत आली.

"अगं, पुस्तक फेकतात का असं?"

"तू वाचलंयस हे?"

"म्हणजे काय? परीक्षण लिहिलंय मी. रविवारी येणार आहे."

"ते नाही विचारलं. वाचलंयस?"

मावशीनं मला जमिनीवरून उचललं, उगाचच फुंकर मारून नसलेली धूळ झटकली. कॉलेजात एवढ्या मुलांच्या कॉप्या पकडणारी बाई स्वतः पकडली गेली की कशी दिसते, ते मी फार जवळून पाहिलं.

"थोडं... वरवर," ती म्हणाली.

"मग लिहिलंस कशाला? आता सगळ्यांना वाटेल की मी पण असं भाषण ठोकायला हवं होतं. मी नाही ठोकलं म्हणून ते वेगळे झाले, असं वाटेल!" भाचीचा आवाज फाटला. ती बाथरूममध्ये गेली आणि तिनं नळ मोठा सोडला.

मावशी तिथेच जमिनीवर बसली, कपाटाला टेकून, आणि तिनं मला पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. समासातल्या नोंदींसकट. मध्येच तिला हसू फुटलं. केसांच्या नोंदीवर तर तिनं तोंडावर पदर घेतला, पदर नव्हता म्हणून ओढणी घेतली. शेवटचं प्रकरण मात्र तिनं बोट ठेवून ओळ न् ओळ वाचलं. भाची केव्हाच बाहेर येऊन दारात उभी होती. केस ओले, डोळे लाल.

मावशीनं फोन उचलला. "संपादकबाई, ते परीक्षण थांबवा. हो, माझंच. अहो, मी न वाचता लिहिलं होतं. काय कारण देऊ, हेच कारण आहे. आणि ऐका, या वेळी आम्ही दोघी लिहू. मी आणि माझी भाची. वय? जेवढं या पुस्तकाच्या वाचकाचं असायला हवं तेवढं."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. मावशी भाचीकडे वळली. "फटकळ चालेल म्हणतात, उद्धट नको."

मग त्या टेबलावर जे भांडण झालं, वा! एक खुर्ची मोकळी करून भाची तिच्यावर मांडी घालून बसली. मावशीनं लिहिलं, 'संवाद काहीसे कृत्रिम वाटतात.' भाची म्हणाली, "काहीसे काय? पुरते." मावशी म्हणाली, "अगं, माणसानं लिहिलंय ते, जरा सांभाळून." भाची म्हणाली, "वाचणार पण माणूसच आहे ना?" एकेका शब्दावरून ओढाताण. मध्ये कधीतरी टोस्ट जळले. दोघींनी ते तसेच खाल्ले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. "काहीही" आणि "काही नाही" म्हणणारी पोरगी घसा बसेपर्यंत बोलत होती.

रविवारी परीक्षण छापून आलं. शेवटचा परिच्छेद भाचीचा होता: 'गोष्ट वाईट नाही. नायिकेचा लहान भाऊ मला फार आवडला, कारण तो एकटाच माणसासारखा बोलतो. पण आई-बाबांना परत एकत्र आणणं हे मुलांचं काम नसतं. लेखकांनी आम्हाला गृहपाठ देऊ नये.'

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांचा फोन आला. त्यांना यायचं होतं. भाचीनं जाहीर केलं की आपल्याला ताप आहे. मावशीनं तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "अजिबात नाही. लिहिलंस ना, मग बस समोर."

डॉक्टर आले. त्यांच्या हातात पुरवणीचं पान होतं, चार घड्या घालून मऊ झालेलं. घरच्या सगळ्यांनी त्यांना "छान आहे हो" म्हटलं होतं; 'कृत्रिम' म्हणणारं हे पहिलंच कुणीतरी. मला त्यांची फार दया आली. शेवटी जन्मदाते माझे.

"बाळ," त्यांनी सुरुवात केली, मग भाचीचा चेहरा बघून घसा साफ केला. "म्हणजे, तू जे लिहिलंयस... संवाद कृत्रिम म्हणजे नक्की कसे?"

"तुमच्या नायिकेला कुणी मध्ये तोडतच नाही, डॉक्टरकाका. ती बोलतच सुटते आणि बाकीचे नुसते आ वासून ऐकतात."

मावशीला राहवलं नाही. "डॉक्टर, तुमच्या दवाखान्यात तरी कोण तोडतं तुम्हाला?"

डॉक्टरांनी आधी स्वतःच आ वासला. मग डॉक्टर असे हसले, असे हसले, की त्यांच्या स्वतःच्या दोन दाढांमधली चांदी दिसली. "खरंय हो," डोळे पुसत ते म्हणाले. "वीस वर्षं मी फक्त तोंड उघडून बसलेल्या माणसांशीच बोलतोय!"

हसणं ओसरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आणि शेवट? तो कसा हवा होता?"

भाची बराच वेळ टेबलाच्या कडेवरून नख फिरवत राहिली. मग म्हणाली, "तिची दोन घरं होतील. दोन ब्रश असतील. एकीकडे कंपासपेटी राहील आणि दुसरीकडे गणिताचा पेपर असेल. बाबा स्वयंपाक शिकतील, वाईट. ती रडेल, पण रोज नाही. कधीकधी तिला मजा पण येईल आणि मग मजा आली म्हणून कसंतरी वाटेल. ते कुणी लिहितच नाही."

मावशीनं तिच्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर पोरगी गप्प झाली असती. तिनं फक्त चहाचा कप तिच्याजवळ सरकवला.

"दोन ब्रश," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं. "ती तुझी प्रत मला देशील? समासातलं सगळं बघायचंय."

"बघा. पण इथेच बसून. ती माझी आहे."

माझी! शिक्का होता 'अभिप्रायार्थ', आणि मी झाले कुणाचीतरी.

डॉक्टर त्यानंतर पुष्कळदा आले. नवं प्रकरण मोठ्यानं वाचायचे आणि भाची त्यांना मध्येच तोडायची. यथावकाश माझी दुसरी आवृत्ती निघाली. अंगानं माझ्यापेक्षा सडपातळ, कारण भाषण गेलं. मुखपृष्ठावरची मुलगी आता तोंड वळवून चक्क वाचकाकडे बघतेय. धाकट्या बहिणीचा हेवा वाटला नाही असं कसं म्हणू? पण ती बोलते छान. भाचीला हल्ली पुरवणीत स्वतःची जागा आहे, आणि मावशी आता आमची पुस्तकंही शेवटच्या पानापर्यंत वाचते. कुरकुरत, पण वाचते.

मी सध्या कुठे आहे म्हणता? भाचीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी. भाची तिला म्हणाली होती, "नवी आवृत्ती ने, शेवट बरा आहे." मैत्रीण म्हणाली, "छे, मला ती खरडलेलीच दे." काल ती माझ्या जुन्या शेवटाशी पोचली. तळं, झाड, एकच गाडी. मी अंग चोरून घेतलं, म्हटलं, आता परत कपाट! पण तिनं फेकलं नाही. ते पान तिनं पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा. आणि आता ती भाचीशी फोनवर बोलतेय.

"खोटा आहे गं, माहितीये मला. तरी आवडला. एवढं एक पानभर तरी होऊ दे की तसं! नाही, तू ऐक आधी. तोडू नकोस ना मध्ये!"

दोघी कडाकडा भांडताहेत. माझ्यावरून! या पानावरून त्या पानावर उड्या चालल्या आहेत. एवढं मिळाल्यावर पुस्तकाला आणखी काय हवं असतं?

तुम्हाला एकच विनंती आहे. मुलांच्या हातात आम्हाला द्या, जरूर द्या. पण देण्याआधी एकदा स्वतः वाचा, आणि त्यांनी आम्हाला नावं ठेवली तर कान देऊन ऐका. बाकी बोलेन पुन्हा कधीतरी. आता थांबते, कारण हिनं मला शेवटच्या पानावर बोट घालून धरलंय आणि फोनवर म्हणतेय, "थांब, वाचूनच दाखवते तुला."