लिफ्टमधला शुक्रवार

"छातीवरचा हा पिवळा कागद काढायचा नाही बरं का," गाव आडनावाचे मास्तर शेजारच्यांना बजावत होते. "हा आहे तोवर आपण राहणारे. निघाला की उतरणारे."

जहाज सकाळीच कीलुंग बंदराच्या धक्क्याला लागलं होतं. दोन हजार माणसं बॅगा ओढत उतरून गेली होती, आणि पाचव्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात फक्त अडतीस जण मागे उरले होते. हे सगळे याच जहाजाने संध्याकाळी पुन्हा निघणार होते. तोच शुक्रवार ते शुक्रवार, तीच जपानची बंदरं. गाव मास्तरांची ही लागोपाठची अकरावी फेरी असल्यामुळे ते आता कुणी न विचारताही सल्ला देत.

"दुसऱ्या फेरीला सगळं तेच असतं. जेवण तेच, नाच तोच, त्या जादूगाराचे विनोदसुद्धा तेच. कुठे हसायचं ते पाठ होतं. फक्त आज एकदा सगळ्यांनी खाली उतरायचं, शिक्का मारून घ्यायचा आणि परत वर यायचं. पण जहाजाचा आकडा शून्य झाला पाहिजे. एक माणूस जरी आत राहिला, तरी कुणालाच वर घेत नाहीत."

चिन-चूचे कान मास्तरांकडे होते आणि डोळे नवऱ्याकडे. शुई-शेंग गुडघ्यावर टोपी ठेवून शहाण्यासारखा बसला होता. सकाळपासून तिने त्याला सहा वेळा सांगितलं होतं, की आपली खोली बदललीय. आठ-एकशे सतरा दुसऱ्यांना गेली, आता आपण सहाव्या मजल्यावर. जहाज तेच म्हणजे खोलीही तीच राहणार, असं ती धरून चालली होती. सहाही वेळा त्याने मान डोलावली होती.

"मास्तर, यांच्याकडे जरा बघाल? मी बाथरूमला जाऊन आलेच."

ती आली तेव्हा खुर्चीवर फक्त टोपी होती.

"अहो, ते तुमच्या मागोमागच उठले की," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, तुम्हीच बोलावलं."

चिन-चूला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून चालणार नव्हतं. जहाजावर त्याच्या आजाराचं कुणालाच ठाऊक नव्हतं. चढताना भरायच्या कागदावर स्मृतीच्या आजाराबद्दलचा प्रश्न होता, आणि तिने 'नाही'वर खूण केली होती.

शुई-शेंगने अडतीस वर्षं पानच्याओमधल्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यातलं एकेक जायला लागलं. चाळीस वर्षं राहिलेल्या घरात तो संडास शोधत कपाटाचं दार उघडायचा. मग वसंतात मुलाने दोघांना या जहाजावर फिरायला नेलं, आणि तिसऱ्याच दिवशी शुई-शेंग एकटा आपल्या खोलीपर्यंत गेला. लिफ्टमुळे. तिसऱ्या क्रमांकाच्या लिफ्टच्या दाराचा आवाज त्याने ओळखून ठेवला होता. शिवाय तिथे जमिनीवर एक गालिचा असायचा, त्यावर वाराचं नाव. रोज नवा गालिचा, रोज नवा वार. तो खाली बघून म्हणायचा, "आज मंगळवार. आज माशाचं सूप." आणि खरंच असायचं. त्या दिवशी चिन-चू नळ सोडून पोटभर रडली होती.

म्हणून या खेपेला तिने एकाला लागून दुसरी फेरी घेतली, आणि दुसरीचं मुलाला सांगितलंच नाही. च-हाव काही वाईट मुलगा नव्हता. त्याने थाओयुआनमधल्या वृद्धांच्या संस्थेत बापासाठी खाट राखून ठेवली होती, सोमवारपासून. आत्ता तो बाहेर गाडी घेऊन उभा असणार. जहाज सुटलं की वरून फोन करायचा, असं तिने ठरवलं होतं. इथून उतरलं म्हणजे शुई-शेंग त्या खाटेवर, एवढं तिला पक्कं समजत होतं.

राहणाऱ्यांची ने-आण करणारी ओंग नावाची मलेशियाची मुलगी होती. हातात, जहाजावर उरलेल्या प्रवाशांचा आकडा दाखवणारं छोटं यंत्र. तिने बाकीच्यांना रांगेने खाली सोडलं, एकेकाचं प्रवासी कार्ड वाजत गेलं आणि आकडा उतरत उतरत दोनवर थांबला.

"आजी, घाबरू नका. जुन्या खोलीत गेले असतील. असं होतं कधीकधी."

दोघी आठव्या मजल्यावर गेल्या. खोलीतल्या पलंगांवरच्या चादरी काढलेल्या होत्या. वायान, त्यांची खोली आवरणारा बालीचा माणूस, दारात उशा मोजत होता.

"आजोबा इकडे नाही आले, आजी."

सज्ज्याचं दार हवा यायला सताड उघडं होतं आणि पडदा बाहेर जात होता. चिन-चू कठड्यापाशी गेली. खाली जहाज आणि धक्का यांच्यामध्ये काळ्या पाण्याची हातभर पट्टी. बंदरावरच्या घारी नेहमीसारख्या घिरट्या घालत होत्या, मधूनच एखादी पाण्यापर्यंत झेपावून वर यायची. आठवडाभर प्रत्येक बंदरात अशा घारी तिला आवडल्या होत्या. आज त्या काय उचलताहेत ते बघायची तिची छाती होईना.

कर्ण्यावर त्याचं नाव पुकारलं गेलं. एकदा, मग पुन्हा. रिकाम्या जहाजात ते फारच मोठं वाटलं. ओंग हातातल्या रेडिओत खालच्या आवाजात काहीतरी बोलली, आणि थोड्या वेळाने दोन खलाशी खालच्या कठड्याला ओणवे होऊन पाण्यात बघू लागले. ते कशासाठी, हे चिन-चूने विचारलं नाही. ओंगही तिच्याकडे न बघता म्हणाली, "नुसतं बघताहेत, आजी. नियम आहे."

सतरा मिनिटं झाली. अठरा झाली. यंत्रावर दोनच.

तेवढ्यात वायान पळत आला. "तिसरी लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकून राहिलीय. दार उघडंच आहे म्हणे."

शुई-शेंग लिफ्टच्या उंबऱ्याशी गुडघे टेकून बसला होता. दार मिटू नये म्हणून त्याने आपला बूट मध्ये घातला होता आणि बोटांनी दाराची खाच साफ करत होता.

"वाळू आहे यात," तो मान वर न करता म्हणाला. "आठवडाभर ऐकतोय मी. असंच ठेवलंत तर एखाद दिवशी कुणीतरी आत अडकेल. मग माझ्या नावाने बोंबलू नका."

ओंगला हसू आलं. चिन-चू भिंतीला टेकली. बूट घालून तो आत उभा राहिला तेव्हा ओंग सहज विचारल्यासारखं विचारू लागली. पण ते सहज नाही, हे चिन-चूला कळत होतं.

"आजोबा, आज वार कोणता?"

त्याने खाली बघितलं. "शुक्रवार."

"बरोबर. आणि खोली?"

"आठ-एकशे सतरा."

"आजच बदलली हो," चिन-चू घाईने म्हणाली. "अजून सवय नाही झाली. माझीसुद्धा चूक झाली असती."

"कुणाचीही होईल," ओंग म्हणाली. मग तिने चिन-चूच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि या कोण, आजोबा?"

शुई-शेंगने चिन-चूकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग त्याने खाली गालिच्याकडे बघितलं. शुक्रवार वाचला. उजवा बूट उचलून त्याखाली बघितलं, मग डावा.

"लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

दार दोनदा मिटायला गेलं आणि वायानने दोनदा हाताने थांबवलं.

"आजी," ओंग हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणत असाल तर मी काही ऐकलं नाही. खरंच. पण आज खाली धक्का आहे. उद्या चारी बाजूंना पाणी असेल."

चिन-चूने उद्याचा विचार केला. उद्या शनिवार, उद्या भाताची पेज आणि खारवलेली अंडी. उद्या सहाव्या मजल्यावरची ती अनोळखी खोली, आणि तिने बाथरूमला जायचं म्हटलं की पुन्हा हीच वीस मिनिटं. तिला सगळ्या बाजूंनी दमून गेल्यासारखं झालं. तिने नवऱ्याच्या छातीवरचा पिवळा कागद नखाने सोडवला. सदऱ्याला चिकटून राहिलेला तुकडाही नीट काढला. मग आपला काढला.

खाली दोघांची कार्डं वाजली. यंत्रावर शून्य आलं आणि दोरीपलीकडे ताटकळलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. गाव मास्तर सर्वांत पुढे होते.

"वहिनी, इकडे, आपली रांग इकडे आहे."

तिने हात हलवला आणि शुई-शेंगचं कोपर धरून ती दुसऱ्या दाराने बाहेर पडली.

बाहेर कीलुंगचा रोजचाच पाऊस होता. च-हाव छपराखाली छत्री घेऊन उभा होता. एक तास उशीर झाल्याबद्दल तो काहीतरी बोलणार होता, पण आईचा चेहरा बघून त्याने नुसती तिच्या हातातली पिशवी घेतली. "बाकी सामान?" तो म्हणाला. "ते येईल," ती म्हणाली.

शुई-शेंग मात्र पुढे येईना. तो आपल्या बुटांमधल्या ओल्या फरशीकडे बघत होता. दोन पावलं सरकून त्याने पुढची फरशी बघितली, मग त्याच्या पुढची.

"शुक्रवार," चिन-चू म्हणाली.

"शुक्रवार," तो म्हणाला, आणि या बाईला माहीत आहे म्हटल्यावर तिच्यामागून गाडीकडे चालू लागला.