सत्ताविसावा खिळा

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना बिल्ला आहे. तुमच्या तळहातावर मावेन एवढा गोल, वरच्या बाजूला एक भोक आणि पोटावर ठोकलेला आकडा सत्तावीस. लोक मला टोकन म्हणत. तुम्ही टोकन म्हणजे यंत्रातून जिभेसारखी बाहेर येणारी कागदाची चिठ्ठी एवढंच पाहिलं असेल, म्हणून आधी ओळख करून दिली.

आम्ही एकूण चाळीस भावंडं. भांडी घडवणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात, उरलेल्या पत्र्यातून आमचा जन्म झाला. माझा दोन अगदी ताठ उमटला. सात ठोकताना मात्र कारागिराला शिंक आली आणि तो जन्मापासून जरा कलंडलेलाच राहिला. शेजारचा सव्वीस त्यावरून मला अजून चिडवतो. त्याचे आकडे सरळ आहेत, पण स्वभाव तेवढा सरळ नाही.

नगरपालिकेच्या कचेरीत तळमजल्यावर एक खिडकी होती. गावात काय होणार आहे ते आधी या खिडकीपाशी कळायचं. उद्या कोणत्या भागात पाणी उशिरा येणार, लसीकरण कुठल्या शाळेत, पोहण्याचा वर्ग कधीपासून, रोपं कुठे वाटणार, सगळं शेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असे. नाव नोंदवायचं तर टोकन घ्यायचं आणि नंबर पुकारेपर्यंत बाकावर बसायचं. खिडकीच्या आत भिंतीवर एक लाकडी पाटी होती, तिच्यावर चाळीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली एक आकडा. ते आमचं घर.

त्या खिडकीत जे कारकून बसत त्यांचं नाव लोकांनी थांबाभाऊ पाडलं होतं. कुणीही समोर आलं की मान वर न करता ते आधी म्हणत, "थांबा, होईल." आणि मग ते काम खरंच होई. चष्मा कपाळावर सरकवून टेबलभर चष्मा शोधायची त्यांना खोड होती. पण आमच्या बाबतीत त्यांची नजर कधी चुकली नाही. संध्याकाळी पाचला ते पाटीपुढे उभे राहत आणि एकेका खिळ्यावर बोट ठेवत मोजत. आमच्यातलं एक जरी परतलं नसेल तर खिडकी बंद होत नसे. टोकन बाहेर आहे म्हणजे कुणाचं तरी काम राहिलं आहे, एवढी साधी त्यांची समजूत होती. कधी कुणी बाकावर पेंगत असे, कधी कुणी खिशात टोकन घेऊन व्हरांड्यात गप्पा ठोकत असे. थांबाभाऊ बाहेर येऊन त्यांना शोधून काढत आणि शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत तोंड वाकडं करून उभे राहत.

माझं काम फार मोठं नव्हतं. कुणाच्या तरी मुठीत अर्धा तास बसायचं, एवढंच. पण मुठीतून माणूस फार लवकर कळतो. बाळाचा जन्मदाखला घ्यायला आलेल्या नव्या बापाचा हात घामेजलेला असे. मृत्यूची नोंद करायला आलेला हात मला घट्ट धरी आणि मग मला धरलंय हेच विसरून जाई. पोहण्याच्या वर्गाला नाव घालायला आलेली पोरं मला हवेत उडवून झेलत. सव्वीस म्हणतो, त्याला असं उडवून घेणं आवडत नाही. मला आवडायचं.

एका सोमवारी फळ्यावर नवी बातमी आली. ज्यांना विसरण्याचा आजार जडला आहे अशा वृद्धांसाठी नगरपालिका जुन्या वाचनालयाच्या दालनात 'दिवसघर' सुरू करणार होती. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच त्यांना सांभाळायचं, जेवण, औषध, थोडं चालणं, थोडी गाणी. जागा फक्त तीस. नोंदणीचा शेवटचा दिवस शुक्रवार.

टेपताईंना ते कळलं थेट शुक्रवारी दुपारी. बाजारगल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं, आणि गळ्यात मोजपट्टी नाही अशा त्या कुणी पाहिल्याच नव्हत्या, म्हणून हे नाव. मापं देताना एका गिऱ्हाइकाने सहज विषय काढला आणि ताईंनी कात्री तिथेच ठेवली. घरी फक्त त्या आणि त्यांचे वडील. वडील म्हणजे नगरपालिकेचेच जुने पाणीसोडे. रोज दुपारी चारला रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून, लांब चावी फिरवून त्यांनी तीस वर्षं गावाला पाणी सोडलं होतं. आता त्यांना मुलीचं नाव आठवत नसे, पण चार वाजले की पाय आपोआप रस्त्याकडे वळत. त्यांना शोधायला ताई दिवसाआड दुकान बंद करत होत्या. गिऱ्हाईक तुटत चाललं होतं. दिवसघरात जागा नाही मिळाली तर शिवणयंत्र विकायचं आणि घरी बसायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

एका हातात वडिलांची बाही आणि दुसऱ्या हातात मी, अशा त्या बाकावर बसल्या. त्यांच्या बोटांच्या टोकांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते. तो स्पर्श मी पुढे कधी विसरलो नाही. खिडकीत तेविसावा नंबर चालू होता. अर्ज भरायला पेन हवं, पेन धरायला हात हवा, म्हणून ताईंनी बाही सोडली. चार ओळी लिहून मान वर केली तर शेजारची जागा रिकामी. घड्याळात चार वाजायला पाच मिनिटं कमी होती. अर्ज बाकावर टाकून त्या धावत सुटल्या आणि मी त्यांच्या मुठीतच राहिलो.

मागे काय घडलं ते मला अठ्ठावीसने सांगितलं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे ते मला सतरा वेळा ऐकायला मिळालं. थांबाभाऊंनी सत्तावीस तीनदा पुकारला. मग पुढचे नंबर घेतले. पाच वाजले, बाक रिकामे झाले आणि ते पाटीपुढे उभे राहिले. मोठे साहेब आले आणि म्हणाले की वेळ झाली, नोंदवहीवर रेघ मारा आणि बंद करा.

थांबाभाऊ म्हणाले, "साहेब, सत्ताविसावा खिळा रिकामा आहे. कुणीतरी यायचंय अजून."

साहेब चिडले, नियम सांगू लागले. थांबाभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि रेघ मात्र मारली नाही. शेवटी साहेब पाय आपटत निघून गेले. शिपाईमामांचा जुडगा खुळखुळत राहिला.

इकडे बाबा सापडले ते तिसऱ्या चौकात. रस्त्याच्या कडेला लोखंडी झाकणापाशी उकिडवे बसून चावी शोधत होते. ताईंनी हाताला धरलं, विनवण्या केल्या, पण ते जागचे हलेनात. गावाला पाणी सोडल्याशिवाय उठायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यांच्या परीने तो बरोबरच होता. असा बराच वेळ गेला. येणारेजाणारे बघत होते. ताईंना रडू येत होतं आणि हसूही. मग काय सुचलं कोण जाणे, त्यांनी मूठ उघडली आणि मला वडिलांच्या हातावर ठेवलं. "बाबा, ही घ्या चावी."

बाबांनी मला निरखून पाहिलं. झाकणावर टेकवलं आणि जपून, पूर्ण एक वेढा फिरवलं. कान देऊन ऐकलं. "सुटलं पाणी," ते म्हणाले आणि गुडघ्यांवर हात देऊन उठले. मित्रांनो, लोकांनी मला पुष्कळदा चकाचक घासलं, माझं कौतुकही केलं, पण त्या दिवशी मी क्षणभर अख्ख्या गावाच्या पाण्याची चावी झालो होतो. त्यापुढे सगळं कौतुक फिकं.

ते दोघं कचेरीशी पोचले तेव्हा पावणेसहा वाजले होते. ताईंनी आशा केव्हाच सोडली होती. उद्या कुणाला तरी हा नंबर लागेल, म्हणून टोकन दाराशी ठेवून जावं, एवढ्याचसाठी त्या आल्या होत्या. पण खिडकीत दिवा होता. बाकावर टाकलेला अर्ज कुणीतरी उचलून काचेखाली नीट ठेवला होता.

"सत्तावीस ना? या," थांबाभाऊ म्हणाले. "तुमचा नंबर अजून गेलेला नाही."

बाबांना दम लागला होता, अर्ज अर्धाच भरलेला होता, सही राहिली होती. ताईंची घाई पाहून थांबाभाऊ नेहमीचं वाक्य बोलले. "थांबा, होईल." आणि झालं. एकोणतिसावं नाव बाबांचं लागलं. मग मला खिळ्यावर टांगून त्यांनी रेघ मारली आणि शिपाईमामांनी कुरकुरत का होईना, कुलूप लावलं.

बाबा चार वर्षं दिवसघरात सुखाने राहिले. रोज चारला त्यांना अंगणातला नळ सोडायला देत. ते गेल्यावरही टेपताईंचं तिथलं जाणं थांबलं नाही. आधी आठवड्यातून एकदा त्या आजीआजोबांना बटणं लावायला शिकवत, पुढे दुकान भाचीकडे सोपवून त्याच दिवसघर सांभाळू लागल्या.

आमचे दिवस मात्र फिरले. थांबाभाऊ निवृत्त झाले आणि कचेरीत चिठ्ठीचं यंत्र आलं. ते लाल आकडे दाखवतं, गोड आवाजात नंबर पुकारतं आणि पाच वाजले की आपोआप बंद होतं. कोण राहिलं, कोण गेलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आम्हा चाळीस जणांना बिस्किटांच्या जुन्या डब्यात भरून मोडक्या स्टेपलरशेजारी ठेवून दिलं. पितळ काळवंडतं ते हात लागायचे बंद झाल्यावर. सात वर्षं आम्ही त्या अंधारात होतो आणि सव्वीससुद्धा चिडवायचं विसरला होता.

एक दिवस झाकण उघडलं आणि ओळखीची, घट्टे पडलेली बोटं माझ्यावरून फिरली. टेपताईंनी अर्ज करून आम्हाला दिवसघरासाठी मागून घेतलं होतं. चिंचेने घासून लखलखीत केलं आणि दाराजवळ तशीच खिळ्यांची पाटी लावली. सकाळी आल्यावर ज्याने त्याने आपला बिल्ला खिशात ठेवायचा आणि निघताना खिळ्यावर टांगायचा. सहा महिन्यांनी एक सून आपल्या सासऱ्यांना हाताला धरून घेऊन आली. चष्मा त्यांच्या कपाळावर होता आणि ते तो खिशात शोधत होते.

थांबाभाऊंना ताईंची ओळख पटली नाही. ताईंनी आपला चेहरा पडू दिला नाही, पाटीवरून मला काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांचा अंगठा माझ्या कलंडलेल्या सातावर आपसूक जाऊन बसला. तेव्हापासून मी त्यांचा. रोज संध्याकाळी ते पाटीपुढे उभे राहून चाळीस खिळे मोजत आणि सगळे परतल्याशिवाय घरी निघत नसत. त्यांची सून बिचारी बाकावर बसून वाट पाहायची. तिने कधी कुरकुर केली नाही.

गेल्या महिन्यात तिला यायला थोडा उशीर झाला. कुणाचं लक्ष नाही असं पाहून थांबाभाऊ मला खिशात घेऊन चालू लागले. दिवसघरातल्या नव्या मदतनीस बाईंना वाटलं की सून येऊन त्यांना घेऊन गेली असणार. त्या दार लावू लागल्या. हेही मला अठ्ठावीसनेच सांगितलं. टेपताईंनी पाटीकडे पाहिलं आणि त्यांना थांबवलं.

"दार लावू नका. सत्ताविसावा खिळा रिकामा आहे."

तेवढ्यात सून पोचली आणि त्यांना शोधायला धावू लागली. कुणी परत आलं तर इथे माणूस हवं, म्हणून ताईंनी तिला बसवलं आणि स्वतः निघाल्या. कुठे जायचं ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आम्ही कचेरीत होतो. जुन्या खिडकीसमोरच्या बाकावर थांबाभाऊ ताठ बसले होते आणि मी त्यांच्या मुठीत होतो. त्यांची मूठ इतकी घामेजलेली मी कधीच अनुभवली नव्हती. खिडकीवर पत्र्याचा पडदा ओढलेला, लाल आकडे विझलेले. शिपाईमामा, आता त्यांचेही केस पिकले आहेत, पुन्हा पुन्हा सांगत होते की भाऊ, खिडकी बंद झाली, घरी चला.

"बंद कशी होईल?" थांबाभाऊ म्हणाले. "माझं टोकन अजून माझ्याकडे आहे."

ताई दारातच उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकलं होतं. त्या मामांकडे पाहत राहिल्या. मामांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि या वेळी तो न खुळखुळवता आतल्या खोलीचं दार उघडलं. पत्र्याचा पडदा वर गेला. दिवा लागला. खिडकीत टेपताई बसल्या होत्या, गळ्यात मोजपट्टी.

"सत्तावीस," त्यांनी पुकारलं.

थांबाभाऊ उठले आणि मला काचेखालून आत सरकवलं. ताईंनी विचारलं, काय काम होतं? त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले. मग म्हणाले, "घरी जायचं होतं."

ताईंचे डोळे भरून आले, पण आवाज अगदी नीट राहिला. "थांबा, होईल," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मी धातूचा एक तुकडा, मी तुम्हाला काय शिकवणार? यंत्रं येऊ देत, ती कामं भराभर करतात. एकच मागणं आहे. शाळेची बस सुटताना, खेळ संपवताना, घराचं दार लावताना, एकदा मागे वळून मोजत जा. कुणाचा तरी खिळा रिकामा असेल.

त्या संध्याकाळी दिवसघरात परतल्यावर सूनबाईंनी सासऱ्यांचा हात धरला आणि टेपताईंनी मला माझ्या जागी टांगलं. दोघींनी मिळून चाळीस खिळे मोजले. मग दार लावलं.