चौदाव्या पायाचे केस

माझी भाची नऊ वर्षांची असताना संग्रहालयातल्या माझ्या खोलीत स्टुलावर बसून समुद्री किड्यांचे पाय मोजायची. बोटभर किडा, दोन्ही बाजूंना पायांची रांग, पायापायावर काचेसारखे केस. पन्नासच्या पुढे तिची हटकून चूक व्हायची, मग पुन्हा पहिल्यापासून. यांना चपला किती लागत असतील, म्हणायची. पुढे त्याच खोलीत, माझ्याच सूक्ष्मदर्शकावर ती कामाला लागली, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

खाडीच्या चिखलात नळी करून राहणारा एक किडा मला सापडला होता, कुठल्याच पुस्तकात न बसणारा. अकरा वर्षं मी त्याचे नमुने जमवले, चित्रं काढली. ही जात नवी आहे हे सांगणारा लेख माझ्या नावाने छापून यावा, एवढी एकच इच्छा उरली होती. तेवढ्यात निवृत्ती आली, मागोमाग मोतीबिंदू. भाची म्हणाली, ऑपरेशन होऊन नीट दिसेपर्यंत वही माझ्याकडे असू दे, मी नुसती टाइप करून ठेवते. मी वहीबरोबर नमुन्यांच्या कपाटाची किल्लीही दिली. घरच्या माणसाकडून कोणी लिहून घेतं का?

सहा महिन्यांनी, ऑपरेशन होऊन मला नीट दिसू लागलं तेव्हा, ती छापलेला अंक घेऊन घरी आली. लेखावर तिचं एकटीचं नाव. आणि किड्याला दिलं होतं माझं.

"बघ मावशी, जग बुडेपर्यंत राहील तुझं नाव."

आमच्या कामात एक रीत आहे. आपण लिहिलेल्या जातीला आपलं नाव द्यायचं नाही. देणाऱ्याला लोक हसतात. म्हणजे किड्याला ज्याचं नाव, त्याने तो लेख लिहिलेला नाही, हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. मला मानाने उचलून दाराबाहेर ठेवलं होतं.

ती गेल्यावर मी लेख ओळीओळीने वाचला, आणि दुसऱ्या दिवशी संग्रहालयात गेले. दारातला जुना शिपाई म्हणाला, आयत्या बिळात नागोबा पुष्कळ पाहिले बाई, पण नागोबाने बिळाला घरमालकिणीचं नाव दिलेलं पहिल्यांदाच पाहतोय.

भाची खोलीत होती. मी अंक उघडून तिच्यापुढे ठेवला. जातीची मुख्य खूण म्हणून लिहिलं होतं: चौदाव्या पायावर तीनच केस, बाकी सगळ्यांवर नऊ. शेजारी मीच काढलेलं त्याचं चित्र.

"हे केस तू मोजलेस?"

"मोजले ना."

"किती किड्यांचे?"

ती अंकाची कड दुमडत राहिली.

"त्या पायाचे सहा केस माझ्या सुईने तुटले होते. दुसऱ्या किड्यावरून चित्र पुन्हा काढायचं राहून गेलं. बरणीत अजून चाळीस आहेत. एकही बाहेर काढून पाहिला नाहीस?"

तिने विचारलं, हे तू आणखी कोणाला सांगणार आहेस का. एवढंच विचारलं.

मी हात पुढे केला. तिने जुडग्यातून कपाटाची किल्ली काढून दिली. दुरुस्ती माझ्या नावाने छापून येईल. जात मात्र तिचीच राहील, कारण आधी छापेल त्याची जात, असा नियम आहे. तो तिला मीच शिकवला होता.

जवळ बसू का, असं तिने स्टूल ओढत विचारलं. नको म्हटलं. बरणीचं झाकण उघडलं आणि पहिला किडा काचेवर घेतला.