बर्फातली नळी

बद्रीनाथ पिशोरच्या दूध संकलन केंद्रावरचा माणूस. नमुना म्हटला की बर्फ, हे त्याच्या अंगवळणीच पडलेलं. मग औरंगाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सिंधूच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याची नळी हातात ठेवून "लॅबमध्ये पळत न्या" म्हटलं, तर गडी दुसरं काय करणार? वैशाखाचं ऊन बघून त्यानं फाटकावरच्या रसवंतीतून बर्फ मागून घेतला, नळी त्यात खुपसली आणि रिक्षात बसला. वर आपल्याच हुशारीवर खूश.

सिंधू त्याची थोरली लेक. काल सांजेला ताप चढला, आज मान वळेना, अंगावर जांभळे ठिपके. इंजेक्शन सुरू झालं होतं, पण दुखणं नेमकं कोणतं ते या नळीवरूनच कळणार होतं.

लॅबच्या डॉक्टर मीनाक्षीबाईंनी पिशवी उघडली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बर्फात कुणी घातली?"

"म्याच. नासू नये म्हणून."

"अहो काका, हा जंतू गारठ्यानं मरतो. मेलेला जंतू वाढवून कसा दाखवू मी?"

लेकीच्या जिवावर आपणच उठलो, बाप कसला मी, असं वाटून बद्रीनाथ भिंतीला टेकून खालीच बसला.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "मेला तरी खुणा सोडतो तो. झटपट तपासणी आहे त्याची."

त्यांनी एका कार्डावर नळीतला थेंब टाकला, त्यात औषधाचा पांढरा थेंब मिसळला आणि कार्ड हळूहळू हलवायला लागल्या. बद्रीनाथ श्वास धरून बघत राहिला. बघता बघता थेंब नासक्या दुधासारखा फाटला.

"मेनिंगोकोकस. मेंदूज्वराचाच जंतू," बाई म्हणाल्या. "सुरू आहे तेच औषध लागू पडेल. पोरगी वेळेत आणलीत."

बद्रीनाथला रडू आवरेना.

"पण हा थुंकीतून पसरतो, काका. घरातल्या सगळ्यांना औषध द्यावं लागेल. तिचं उष्टं कुणी खाल्लंय?"

सिंधूच्या धाकट्या भावाला अजून दात नव्हते. सिंधूच रोज भाकरी चावून त्याला भरवायची, आणि घरादाराला त्याचं कोण कौतुक. बद्रीनाथनं बायकोला फोन लावला.

"बाळ कसंय?"

"लई गुणाचं झालंय आज," साळूबाई म्हणाली. "सकाळपासून रडलंच नाय. नुसतं निजून हाय."

"उचल त्याला," बद्रीनाथ म्हणाला. "हाय तशी निघ."