आधी उजवीकडे

"हार्मनं आज तिथूनच सुरुवात केली? छातीचा आहे हं तुझा नवरा!" म्हातारा वीबे गाडीच्या खिडकीतून शेताकडे बघत म्हणाला.

यान्टिनानं पेन्सिल खाली ठेवली. "तिथून म्हणजे? तो चौकोन मोकळा आहे."

"मोकळा कसला! काल माझं शोधयंत्र तिथंच तर बोंबललं. आठ-तीन. सांगितलं की तुला!"

युद्धातले न फुटलेले बॉम्ब शोधायचे तर आधी शेत कागदावर आणावं लागतं. यान्टिनाचं आयुष्य त्यातच गेलं होतं. कोपऱ्यातला खुंट म्हणजे शून्य. तिथून कालव्याच्या कडेनं उजवीकडे किती, हा पहिला आकडा; मग बांधाकडे वर किती, हा दुसरा. दोन आकडे, एक टिंब. तिचं टिंब पार उजवीकडे, कालव्यालगत होतं. हार्मचं खोदयंत्र होतं डावीकडे, बांधापाशी.

"अहो, आठ उजवीकडे ना?"

"छे! आठ उत्तरेला. आधी उत्तर, मग पूर्व. जन्म गेला माझा बोटीवर, मला शिकवतेस?"

तिनं मनातच आकडे उलटे केले; टिंब थेट हार्मच्या खोदयंत्राखाली आलं. देशाच्या नकाशावर ही अदलाबदल लगेच पकडली जाते. तिथं पूर्वेचा आकडा उत्तरेच्या आकड्यापेक्षा नेहमीच लहान. पण या शेतापुरता शून्य त्यांनी स्वतःच ठोकला होता. इथं काहीही खपून गेलं असतं, आणि गेलंच होतं.

तिनं वायरलेस ओढला. "हार्म! थांब!"

"का गं? डबा विसरलो वाटतं?"

"यंत्र बंद कर. तू त्याच्यावरच आहेस."

घरघर थांबली. "खोरं मातीत रुतलंय," हार्मच्या आवाजातली चेष्टा गेली होती. "वर घेऊ?"

"नको! राहू दे तसंच. आलास त्याच वाटेनं चालत ये. हळू."

तो उतरला. चाकांच्या खुणांवर पाय ठेवत येऊ लागला. सकाळी पाव जळला म्हणून ती त्याला वाट्टेल ते बोलली होती. "देवा, येऊ दे त्याला," ती मोठ्यानं म्हणाली. वीबेनं टोपी काढली.

"विचारायचं तरी होतंस गं," म्हातारा पुटपुटला.

"हो. विचारायला हवं होतं."

हार्म आत आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. यान्टिनानं कालचं टिंब खोडलं आणि कागदावर बोट फिरवलं. "आधी उजवीकडे तीन. मग वर आठ." शाळेतल्या पोरासारखे वीबेचेही ओठ हलत होते.

हार्मनं नव्या टिंबावर चिखलाचं बोट टेकवलं. "इथं होतो मी?"

"इथंच."

तिनं ते बोट मुठीत धरलं, आणि लष्कराची गाडी येईपर्यंत सोडलं नाही.